केस बिघडतात ते जोडीनं

लग्नसराईत कुठल्याही पार्लरमध्ये अर्धा तास बसलं, की एक आवाज हमखास कानावर येतो. स्ट्रेटनरच्या दोन तापलेल्या पट्ट्यांमध्ये केसांची बट दाबली की 'चुर्र' होतं आणि बारीकशी वाफ वर येते. खुर्चीतली मुलगी दचकते. "काही नाही गं, सीरम आहे ते," असं म्हणून ताई पुढची बट उचलतात. कधी ते खरोखर सीरमच असतं. पण बऱ्याचदा केस पुरते वाळलेले नसतात, आणि जे उकळत असतं ते केसाच्या आतलं पाणी असतं.

केस खराब झाले की आपण एकच आरोपी शोधतो. कुणी ड्रायरला बोल लावतं, कुणी शाम्पूला, कुणी बोअरच्या पाण्याला. खरं तर केसाचं मोठं नुकसान सहसा एकट्यादुकट्याचं नसतं. पाण्यानं केस लगेच बिघडत नाही, बेताची आचही तो सोसतो. पण पाणी आणि आच एकत्र आली की तो आतून फुटतो. रंग एकटा चालून जातो, त्याच आठवड्यात रीबॉन्डिंग झालं तर बट हातात येते. स्प्रे निरुपद्रवी असतो, स्प्रेवरून फिरवलेली फणी नसते. म्हणून हौस सोडायची नसेल, तर या जोड्या ओळखून त्या मोडणं हा केस जपण्याचा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे.

केस बरा होत नाही

केसाचा जिवंत भाग टाळूच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो सगळा निर्जीव धागा. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणून कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच तो बराही होत नाही. हाताला चटका बसला तर महिन्याभरात नवी कातडी येते. केसाला बसलेला चटका कात्री लागेपर्यंत तिथेच राहतो.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 36 सेंटिमीटर लांबीच्या केसाचं टोक 3 वर्षांचं असतं. एखादी मुलगी आठवड्यातून दोनदा स्ट्रेटनर फिरवत असेल, तर वर्षाला शंभर वेळा आणि त्या टोकावरून आजवर तीनशे वेळा तापलेली पट्टी फिरलेली असते. मुळाशी तुकतुकीत आणि खाली राठ, फाटे फुटलेले केस दिसतात, त्याचं हे साधं गणित आहे. मुळाजवळचा केस वेगळ्या जातीचा नसतो, तो फक्त वयानं लहान असतो.

या धाग्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते, तरी त्याची बांधणी पक्की असते. बाहेरून पारदर्शक खवल्यांचं आवरण असतं. कौलारू घराच्या छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले रचलेले असतात; त्यांचे सहा ते दहा थर असतात आणि मोकळी कड नेहमी टोकाच्या दिशेला असते. सर्वांत वरच्या थरावर एका खास मेदाम्लाचा, 18-मिथाइल आयकोसॅनोइक आम्लाचा, अतिशय पातळ पापुद्रा असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळून जातं आणि केस एकमेकांवरून सहज सरकतात, ते या पापुद्र्यामुळे. ब्लीच, रंग आणि कडक अल्कली तो पहिल्या फटक्यात काढून टाकतात, आणि एकदा गेला की तो पुन्हा तयार होत नाही.

आत गाभा असतो केराटिन या प्रथिनाचा. केसाला ताकद आणि आकार देणारे बंध इथे असतात, आणि आपल्या कामाचे त्यातले दोन. पहिला हायड्रोजन बंध: दुबळा, पाण्यानं सुटणारा, वाळल्यावर पुन्हा जुळणारा. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा आलेल्या असतात, ती या बंधाची करामत. दुसरा डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंची घट्ट गाठ. ती सुटायला रसायनच लागतं. ब्लो ड्राय, स्ट्रेटनर, केस कुरळे करायची टाँग ही सगळी मंडळी पहिल्या बंधाशी खेळतात. रीबॉन्डिंग, स्मूदनिंग, पर्म दुसऱ्या बंधाला हात घालतात.

एवढं कळलं की पावसाळ्यातलं एक कोडं सुटतं. जूनमध्ये मुंबईत किंवा कोकणात सकाळी सरळ केलेले केस दुपारपर्यंत पुन्हा फुलून येतात. मग दुसऱ्या दिवशी स्ट्रेटनरचं बटण 200 वरून 230 वर जातं. पण केस आच कमी पडली म्हणून फुललेले नसतात. हवेतल्या ओलाव्यानं हायड्रोजन बंध पुन्हा सोडवलेले असतात, आणि तो ओलावा 230 अंशांनंतरही तितकाच हवेत असतो. वाढवलेली आच केसाला लागते, टिकाऊपणा मात्र पदरात पडत नाही. अशा दिवसांत ओलावा रोखणारं सीरम लावावं, नाहीतर सरळ केस बांधून टाकावेत.

पहिली जोडी: पाणी आणि आच

आपण कोरडा म्हणतो त्या केसातही थोडं पाणी असतंच. पूर्ण भिजलेला केस मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के पाणी धरतो आणि साधारण 15 टक्क्यांनी जाड होतो. अशा केसावर तापलेली पट्टी दाबली, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती गाभ्यातच पोकळ्या पाडते. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस बुडबुड्यांनी भरलेला दिसतो. या विकाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा 1986 मध्ये झाली आणि त्याला 'बबल हेअर' हेच नाव पडलं. पुढे झालेल्या प्रयोगांत ओलसर केसांवर 125 अंशांची टाँग केवळ एक मिनिट धरली तरी असे बुडबुडे दिसले. बाजारातले बहुतेक स्ट्रेटनर 150 ते 230 अंशांवर चालतात, हे इथे ध्यानात घ्यावं. बुडबुडा असलेल्या जागी केस कडक आणि ठिसूळ होतो, आणि विंचरताना तिथेच तुटतो.

वाफेपलीकडेही कारण आहे. कोरड्या केसातलं केराटिन आपली मूळ घडण 230 अंशांच्या आसपास गमावतं. पाण्यात बुडलेल्या केसात हाच बदल साधारण 150 अंशांना घडतो. म्हणजे ओल्या केसाची सहनशक्ती तब्बल 80 अंशांनी खाली आलेली असते. जी आच कोरड्या केसाला चालते, तीच ओल्याला मारक ठरते.

'वेट टू ड्राय' असं छापलेल्या, वाफ सोडायला फटी ठेवलेल्या मशीनवरही म्हणून डोळे झाकून विसंबू नये. वरवर वाळलेले केस आतून ओले असतात, विशेषतः मानेजवळचे. ओळखायची खूण सोपी आहे: हाताच्या पालथ्या बाजूनं केसांना स्पर्श करावा, गार लागले तर अजून पाणी आहे. आणि पट्टी लावल्यावर 'चुर्र' झालं तर तिथेच थांबावं.

आच किती असावी, याचं गणित केसावर ठरतं. रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा मुळातच बारीक केस असतील तर 150 अंशांच्या पुढे जाऊ नये. धडधाकट, मध्यम जाडीच्या केसांना 170 ते 180 पुरे होतात. जाड, कुरळ्या केसांनाही 200 ओलांडायचं कारण नाही. दोन बोटं रुंदीची बट घ्यावी आणि पट्टी न थांबता एकदाच मुळाकडून टोकाकडे न्यावी. जाड बटेवर पट्टी पाच वेळा फिरवण्यापेक्षा बारीक बटेवर एकदा फिरवणं केव्हाही बरं. ज्या मशीनवर तापमानाचा आकडाच दिसत नाही, ते स्वस्तात मिळालं तरी महाग पडतं.

ड्रायरची गत थोडी निराळी आहे. 'ड्रायर नको, केस आपोआप वाळू दे' हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये तो तपासला. केसांच्या बटा तीसदा धुऊन तीसदा वाळवल्या: काही आपोआप, काही ड्रायरनं, वेगवेगळ्या अंतरांवरून. ड्रायर 15 सेंटिमीटरवर धरला तेव्हा केसापाशी 47 अंश भरले, 10 सेंटिमीटरवर 61 आणि 5 सेंटिमीटरवर 95. ड्रायर जवळ आला तशी वरच्या खवल्यांची नासधूस वाढत गेली, यात नवल नव्हतं. नवल होतं ते आपोआप वाळलेल्या बटांमध्ये. त्यांचा पृष्ठभाग शाबूत होता, पण खवल्यांना एकमेकांशी जोडणारा आतला थर फक्त याच बटांमध्ये बिघडलेला सापडला. केस तासन्तास ओला आणि फुगलेला राहिला, याचा तो परिणाम असावा, असं त्यांचं अनुमान. ड्रायर वीतभर लांब, सतत हलता ठेवून वापरावा, हा त्यांचा निष्कर्ष.

प्रयोग कापलेल्या बटांवर झाला होता, डोक्यावर नाही, हे खरं. पण आपल्याकडे पावसाळ्यात दाट केस दिवसभर ओलसर राहतात, आणि तेच ओले केस घट्ट अंबाड्यात कोंबून बायका लोकल पकडतात. त्यांना हा निष्कर्ष उपयोगाचा आहे. आधी हवेवर सत्तर-ऐंशी टक्के वाळू द्यावेत, मग बेताच्या उष्ण झोतावर उरलेला ओलावा काढावा. बाळंतिणीचे न्हालेले केस शेगडीच्या उबेवर आणि धुरीवर वाळवायची आपली जुनी रीत होती. तीही लांबून दिलेली, मंद ऊबच होती.

दुसरी जोडी: रसायन आणि आच

तापलेल्या लोखंडानं केसांना वळण द्यायची कला फार जुनी आहे. पॅरिसचा केशरचनाकार मार्सेल ग्रातो यानं 1870 च्या दशकात तापवलेल्या चिमट्यानं लाटा काढायची पद्धत रूढ केली. चिमटा फार तापला आहे का, हे तेव्हा कागदावर टेकवून पाहत; कागद करपला तर थांबत. पुढची उडी कार्ल नेसलर या जर्मन कारागिरानं मारली. 1906 मध्ये त्यानं लंडनमध्ये कायम टिकणाऱ्या कुरळ्या केसांचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात अल्कली होती आणि जोडीला तापलेल्या पितळी कांड्या होत्या. सुरुवातीचे प्रयोग त्यानं बायकोच्या डोक्यावर केले, आणि त्यात तिचे केस जळाले. रसायन आणि आच यांच्या जोडीनं आपला स्वभाव पहिल्याच दिवशी दाखवला होता.

आजचं रीबॉन्डिंग त्याच घराण्यातलं आहे. पहिलं क्रीम लावतात त्यात अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. अमोनियाच्या अल्कलीनं कौलं उघडतात, क्रीम गाभ्यात शिरतं आणि गंधकाच्या गाठी सोडवतं. मग केस धुऊन वाळवायचे, स्ट्रेटनरनं ताठ सरळ करायचे, आणि दुसऱ्या क्रीमनं, म्हणजे न्यूट्रलायझरनं, गाठी नव्या जागी बांधायच्या. सगळ्याच पुन्हा बांधल्या जात नाहीत. काही कायमच्या तुटतात. पहिलं क्रीम किती वेळ ठेवायचं याला इतकं महत्त्व का, हे एका गोष्टीवरून कळेल. हातापायांवरचे केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं. तिथे अल्कली अधिक तीव्र असते, त्यामुळे केस विरघळूनच निघतो. दोन कामांमधला फरक तीव्रतेचा आणि मिनिटांचा आहे.

सहा महिन्यांनी मुळाशी 6 सेंटिमीटर नवा कुरळा केस येतो आणि 'टच अप'ची वेळ होते. इथे एकच दक्षता हवी: क्रीम फक्त नव्या केसावर लागलं पाहिजे. घाईघाईत ते खालच्या, एकदा प्रक्रिया झालेल्या केसावर उतरलं, की नव्या-जुन्याच्या सीमेवरच केस तुटू लागतात. 'रीबॉन्डिंगनंतर केस गळायला लागले' अशी तक्रार करणाऱ्यांनी पडलेल्या केसाचं टोक निरखून पाहावं. मुळाशी पांढुरका गोळा असेल तर केस गळलेला आहे. नसेल आणि तुकडा आखूड असेल, तर तो मधेच तुटलेला आहे. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

रंगाचा हिशेबही असाच. टिकाऊ रंगात अमोनिया किंवा त्याची जागा घेणारं इथेनोलअमाइन कौलं उघडतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत रंग घडवतं. 'अमोनिया फ्री' डब्याला वास नसतो, पण अल्कली असतेच. डेव्हलपरच्या बाटलीवर 10, 20, 30, 40 व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पेरॉक्साइड अनुक्रमे 3, 6, 9 आणि 12 टक्के. पांढरे केस झाकायला 20 व्हॉल्यूम पुरतं. आपल्या काळ्याभोर केसांत सोनेरी बटा हव्या असतील तर आधी ब्लीच करून मूळचं रंगद्रव्य नष्ट करावं लागतं, आणि त्या भरात गंधकाच्या गाठीही मोठ्या संख्येनं तुटतात. अशी बट ओली झाली की लिबलिबीत लागते आणि ताणली की तुटते. तिच्यावर 200 अंशांची पट्टी म्हणजे आगीत तेल.

'प्री-ब्रायडल पॅकेज'मध्ये ग्लोबल कलर आणि स्मूदनिंग एकाच बैठकीत उरकायची घाई म्हणूनच टाळावी. दोहोंमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवावं, आणि त्यातही सोसणारे केस असतील तरच दुसरं काम करावं. मेंदी लावत असाल तर पार्लरमध्ये ती आधीच सांगावी. पानांची शुद्ध मेंदी केसाला लालसर-तांबूस रंग देते. तासाभरात कुळकुळीत काळं करणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडी नावाचं रंगरसायन मिसळलेलं असतं, आणि काही तयार मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात आणि केस भाजतात. पीपीडीची ॲलर्जीही उठू शकते. त्यामुळे कुठलाही रंग आधी कानामागे किंवा कोपराच्या आत ठिपक्याएवढा लावून 48 तास वाट पाहणं हा शहाणपणा.

या जोडीचा एक पैलू केसांपलीकडचा आहे. 'केराटिन ट्रीटमेंट' या गोंडस नावाखाली चालणाऱ्या अनेक उपचारांत केस सरळ करायचं काम केराटिन करत नाही. ते फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारं रसायन करतं. द्रावणात ते निमूट असतं; स्ट्रेटनरची पट्टी फिरली की वायू होऊन खोलीत पसरतं. डोळे झोंबतात, घसा धरतो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सलूनमधल्या कर्मचाऱ्यांनी अशाच तक्रारी केल्या. सरकारी खात्यानं नमुने तपासले, तेव्हा 'फॉर्मल्डिहाइड फ्री' असं छापलेल्या उत्पादनात ते सरासरी 8 टक्क्यांहून जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ग्राहक वर्षातून एकदा तो धूर घेते. बंद एसी खोलीत रोज चार डोकी करणारी ताई तो रोज घेते.

फॉर्मल्डिहाइडच्या जागी मग ग्लायऑक्झिलिक आम्ल आलं. 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं 26 वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापली. 2020, 2021 आणि 2022 अशी तीनदा हे आम्ल असलेल्या क्रीमनं केस सरळ करून घेतल्यावर तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या त्वचेला लावून पाहिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचले. असे प्रसंग विरळा असतात. पण उपचारादरम्यान टाळू जळजळली किंवा नंतर उलट्या, पाठदुखी सुरू झाली, तर 'होतं असं' म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना केसांच्या उपचाराबद्दल न विसरता सांगावं.

तिसरी जोडी: स्प्रे आणि फणी

जेल, वॅक्स, स्प्रे ही सगळी केसावर पातळ, कडक पापुद्रा चढवणारी द्रव्यं. लग्नातल्या नवरीचा अंबाडा त्यावरच उभा असतो. आधी मागच्या केसांत उलटी फणी मारून पफ काढतात, म्हणजे कौलांच्या कडा उलट्या दिशेनं उचकटतात. त्यावर स्प्रेचे थर, वर पन्नासेक पिना, गजरा. केसांची खरी कसोटी मात्र रात्री लागते. रिसेप्शन आटोपून दमलेली मुलगी आरशासमोर बसते आणि मावशी किंवा वहिनी तो गुंता कोरडाच ओढून सोडवू लागतात. जेवढे केस वर्षभरात तुटत नाहीत तेवढे त्या अर्ध्या तासात तुटतात.

आधी सगळ्या पिना शोधून काढाव्यात. मग फणीला हात न लावता केसांना सढळ हातानं कंडिशनर किंवा तेल चोपडून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. कोमट पाण्यानं आणि शाम्पूनं धुतल्यावर स्प्रेचा पापुद्रा बराचसा विरघळतो. पुन्हा कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकापासून सुरुवात करावी आणि हळूहळू वर यावं. मुळापासून खाली ओढलं तर सगळ्या गाठी शेवटच्या चार बोटांत गोळा होतात.

स्प्रेची आणखी एक जोडी धोक्याची आहे: स्प्रे आणि पट्टी. ओल्या स्प्रेवर स्ट्रेटनर दाबला की पापुद्रा केसावरच भाजून निघतो आणि पट्टीलाही चिकटतो. आधी पट्टी, मग स्प्रे, हाच क्रम ठेवावा. शिवाय त्या डब्यात अल्कोहोल आणि ज्वालाग्राही वायू असतात. नवरीला होमासमोर बसायचं असतं, औक्षणाचं निरांजन चेहऱ्यापर्यंत येतं. म्हणून स्प्रे या विधींच्या बराच आधी, मोकळ्या हवेत मारून पूर्ण वाळू द्यावा.

पंच्याचंही इथे सांगायला हवं. न्हाल्यावर केस पुढे घेऊन पंच्यानं सपासप झटकायची सवय कित्येक घरांत आहे. ओला केस रबरासारखा ताणला जातो, आणि मूळ लांबीच्या सुमारे 30 टक्क्यांपलीकडे ताणला की पूर्ववत होत नाही. मऊ सुती पंचा केस वाळवायला उत्तमच. पण तो गुंडाळून, दाबून पाणी टिपायला. झटकायला आणि पिळायला नव्हे.

संरक्षण कशानं मिळतं

खोबरेलाबद्दल आजीचा आग्रह प्रयोगशाळेत बऱ्यापैकी टिकला आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिन्हींत फक्त खोबरेलानं केसातून होणारी प्रथिनांची गळती लक्षणीय कमी केली. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा. पण त्यामागची कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचे रेणू लहान आणि सरळ असतात, त्यांना प्रथिनाची ओढ असते, म्हणून ते कौलांच्या फटींतून गाभ्यात शिरतात. तेल आत असल्यावर केस पाण्यात कमी फुगतो, आणि फुगणं-आकसणं कमी झालं की झीजही कमी होते. न्हाण्याआधी तेल लावायची आपली रीत म्हणून योग्य ठरते. पट्टी फिरवण्याआधी तेल लावणं मात्र चूक. ते तापून धुरावतं.

धुतल्यावरचं काम कंडिशनरचं. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधले बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइडसारखे धनभारित रेणू नेमके तिथे जाऊन चिकटतात. जिथे जखम जास्त, तिथे लेपही जास्त. म्हणून ते टाळूला न चोळता टोकांना लावावं. अंगाच्या साबणानं केस धुणं थांबवणं हा तर बिनपैशाचा उपाय. साबण अल्कधर्मी असतो, त्यानं कौलं उचकटतात आणि केस एकमेकांत अडकतात.

'हीट प्रोटेक्टंट' म्हणून मिळणाऱ्या द्रव्यांत बहुधा डायमेथिकोनसारखी सिलिकॉन, पीव्हीपीसारखी पापुद्रा धरणारी बहुवारिकं किंवा गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे असतात. ती आचेला अडवत नाहीत, तिची चाल मंद करतात, आणि पट्टी केसावरून न ओढता सरकू देतात. एवढा फायदा पुरेसा आहे, पण तो 180 अंशांवरचा फायदा आहे, 230 वर जायचा परवाना नाही. आणि यातली बरीच द्रव्यं पाण्यात कालवलेली असतात. फवारा मारून लगेच पट्टी लावली, तर आपणच पहिली जोडी जुळवून दिलेली असते. मारा, विंचरून सगळीकडे पोचवा, वाळू द्या, मगच मशीन उचला.

फाटे फुटलेली टोकं कुठल्याही सीरमनं सांधली जात नाहीत; ती फक्त काही दिवस चिकटून बसतात. ती कापली नाहीत तर फाटा वर सरकत जातो. दोन-तीन महिन्यांनी बोटभर कात्री लावणं हाच त्यावरचा इलाज. केस वाढवायचे असणाऱ्यांनाही तो लागू आहे.

खुर्चीत बसण्याआधी

हौस कुणी सोडावी, असं यात काही नाही. मुलांचं स्मूदनिंग आणि जेल आता मुलींइतकंच चालतं. नियम त्यांनाही हेच. आठवड्यातून दोनदा फिरणारी पट्टी सणासमारंभापुरती, वर्षातून वीस वेळा आली, तर तीन वर्षांच्या टोकावरून ती तीनशेऐवजी साठ वेळाच फिरेल. इतर कुठल्याही महागड्या बाटलीतून एवढा फरक मिळत नाही.

पार्लरमध्ये शिरल्यावर चार गोष्टी मोकळेपणानं विचाराव्यात: केस आतून वाळले आहेत का, मशीन किती अंशांवर आहे, क्रीममध्ये काय आहे, आणि खोलीतली खिडकी उघडता येईल का. गेल्या वर्षभरात केसांना काय काय लावलं, ते आपण न विचारता सांगावं. जाणत्या ताईंना या प्रश्नांचा राग येत नाही. बाटली फिरवून त्या लेबल दाखवतात. ज्या दुकानात उत्तराऐवजी फक्त 'काही होत नाही हो' एवढंच मिळतं, तिथून तसंच परत फिरावं. वाढायला तीन वर्षं घेतलेला केस तिथे वीस मिनिटांत पणाला लावण्यात शहाणपणा नाही.